अर्ज दिल्लीपर्यंत

मंडळी, मागच्या पाठात आपण ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. विहिरीचा कठडा पडला होता, त्याबद्दल तो अर्ज होता. अर्ज वाचून झाला. तेव्हा वर्गातल्या एका मावशींनी विचारले, "गुरुजी, कठडा पडला तर पंचायत बांधून देईल. पण कायदाच आपल्या अंगावर पडत असेल, तर अर्ज कोणाला करायचा?"

वर्ग हसला. पण मावशींचे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. कठडा दुरुस्त करणारा वेगळा आणि कायदा दुरुस्त करणारा वेगळा. त्या दुसऱ्याला कसे गाठायचे, ते आज बघू.

कोणते काम कोणाचे

गावची गटारे, गावचे दिवे, पिण्याचे पाणी ही ग्रामपंचायतीची कामे. वसई-विरार शहरात ही कामे महानगरपालिका करते. ती ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. एसटी, पोलीस, सातबारा हे राज्य सरकारचे. त्याचे कायदे विधानसभेत आणि विधान परिषदेत होतात. रेल्वे, पोस्ट, नोटा-नाणी, सैन्य हे केंद्र सरकारचे. त्याचे कायदे दिल्लीला संसदेत होतात.

संसदेत दोन सभा आहेत. एक लोकसभा, दुसरी राज्यसभा. लोकसभेत ५४३ सभासद बसतात. त्यांना आपण मत देऊन निवडतो. त्यांना खासदार म्हणतात. आपला वसई तालुका पालघर मतदारसंघात येतो. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई, एवढ्या सहा भागांचा मिळून एक खासदार. ही जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे.

काही कामांची मात्र वाटणी झालेली आहे. समुद्राचेच घ्या. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत. त्याच्या पुढची केंद्राच्या. अर्नाळ्याचा किंवा पाचूबंदरचा नाखवा एकाच फेरीत दोन सरकारांच्या हद्दीत जाऊन येतो. मासळीला ही रेघ दिसत नाही, पण अर्ज लिहिणाऱ्याला ती दिसली पाहिजे. जंगलाचेही तसेच. पूर्वी जंगल हा राज्याचा विषय होता. १९७६ च्या घटनादुरुस्तीने तो राज्य आणि केंद्र दोघांचा झाला.

दार चुकले की श्रम फुकट जातात. १९८० च्या दशकाच्या शेवटी वसईची हिरवी पट्टी वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी मोठी चळवळ केली. शेती-वाडीच्या जमिनीवर इमारती उभ्या राहू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. पण शहराचा आराखडा करणे हे राज्य सरकारचे काम. म्हणून ते भांडण मुंबईशी झाले, दिल्लीशी नव्हे.

एका तारखेची गोष्ट

आता दिल्लीचे एक उदाहरण सांगतो. हे आपल्या वर्गातल्या पुष्कळांच्या घरचेच आहे.

आपल्या डोंगरपट्टीत वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा बांधव पिढ्यान् पिढ्या जंगलातली जमीन कसतात. तिला आपण प्लॉट म्हणतो. तिथे नागली होते, वरी होते, कुठे भात होतो. पण सातबारावर नाव नाही. माणूस म्हणतो, आजोबापासून कसतो. सरकारी कागद म्हणतो, हे अतिक्रमण. अतिक्रमण म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घुसणे. आपल्याच शेतात आपण घुसखोर! अशा जमिनीवर घर बांधायला मन होत नाही, बांध घालायला हात होत नाही. बँक कर्ज देत नाही. उद्या उठवले तर काय, ही टांगती तलवार डोक्यावर असते.

यावर कायदा करायचे ठरले. कायदा होण्याआधी त्याचा कच्चा खर्डा संसदेपुढे ठेवतात. त्या खर्ड्याला विधेयक म्हणतात. जंगल जमिनीच्या हक्कांचे विधेयक १३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत मांडले गेले. त्यात एक कलम असे होते की, २५ ऑक्टोबर १९८० या तारखेच्या आधीपासून जो जमीन कसतो आहे, त्यालाच हक्क मिळेल.

ही तारीख कुठून आली? त्या दिवसापासून देशात वनसंरक्षणाचा कायदा लागू झाला होता. दिल्लीत बसलेल्या माणसाला ती तारीख सरळ वाटली असेल. पण आपल्या बाजूने हिशोब करून बघा. समजा, एखादा मुलगा १९८१ साली जन्मला. त्याच वर्षी त्याच्या बापाने जमीन फोडली. २००५ साली तो मुलगा २४ वर्षांचा, म्हणजे लग्न झालेला, स्वतः बाप झालेला. ज्या जमिनीच्या नागलीवर तो वाढला, ती जमीन या कलमाने गेली असती. का? तर एका वर्षाचा फरक पडला म्हणून.

त्या विधेयकात आणखी दोन गोष्टी होत्या. हक्क फक्त अनुसूचित जमातींना मिळणार होता. जंगलाच्या आधाराने राहणारे बाकीचे गरीब त्यात नव्हते. आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच हेक्टर जमीन मिळणार होती. अडीच हेक्टर म्हणजे सहा एकरांच्या वर थोडे.

मग काय झाले? विधेयक लगेच मंजूर केले नाही. ते तपासायला दोन्ही सभांतल्या खासदारांची एक समिती नेमली. किशोरचंद्र देव हे तिचे अध्यक्ष होते. या समितीने लोकांकडून आणि संस्थांकडून लेखी म्हणणे मागवले. काहींना समोर बोलावून त्यांचे ऐकले. देशभरातल्या आदिवासींच्या संघटनांनी आपले म्हणणे लिहून मांडले. जंगल आणि वाघ यांची काळजी करणाऱ्या मंडळींनीही आपली बाजू लिहून मांडली. त्यांना हा कायदा जंगलाला घातक वाटत होता. तेही नागरिकच, त्यांनाही तो अधिकार होता. अर्ज म्हटला की समोरून दुसरा अर्ज येणारच, हे धरून चालावे.

समितीने २००६ च्या मे महिन्यात अहवाल दिला. ती १९८० ची तारीख बदला, असे तिने सांगितले. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने कायदा मंजूर केला. त्यात तारीख आली १३ डिसेंबर २००५. म्हणजे विधेयक ज्या दिवशी मांडले, तोच दिवस. पंचवीस वर्षे एका फटक्यात पुढे सरकली. अडीच हेक्टरांची मर्यादा चार हेक्टर झाली, म्हणजे दहा एकरांच्या जवळपास. जमातींखेरीज जंगलावर जगणाऱ्या इतरांनाही जागा मिळाली. मात्र त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. माझ्या मते ही अट फार कडक आहे. ७५ वर्षांपूर्वीचा कागद गरिबाच्या घरी कुठून असणार? आपल्याकडचा पाऊस आणि वाळवी कागद ठेवतात का? तरी एक बरे आहे की, गावातल्या वृद्धांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली साक्षसुद्धा पुरावा म्हणून चालते. दाव्याची सुरुवातही ग्रामसभेतच होते.

१ जानेवारी २००८ पासून या कायद्याचे नियम आले. त्यानंतर सगळे गोड झाले, असे मी सांगणार नाही. कोणाचा दावा फेटाळला गेला. कोणाला कसतो त्यापेक्षा कमी जमीन मिळाली. मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून मुंबईला पायी चालत गेले. जंगल जमिनीचे दावे निकाली काढा, ही त्यांची एक मोठी मागणी होती. ते मुंबईला का गेले, दिल्लीला का नाही? कारण कायदा दिल्लीचा असला, तरी तो अमलात आणायचे काम राज्याचे. दार कोणते, ते त्यांना बरोबर ठाऊक होते.

जुन्या काळचे अर्ज

दिल्लीला अर्ज करणे हे आजचे खूळ नव्हे. दिल्लीच्याही आधी आपली माणसे लंडनला अर्ज करत होती.

तेव्हा इथे ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य होते. कंपनीला राज्य करायची सनद इंग्लंडची पार्लमेंट दर वीस वर्षांनी देत असे. १८५३ साली सनदेची मुदत संपत होती. त्याच्या आदल्या वर्षी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, मुंबईत 'बॉम्बे असोसिएशन' नावाची संस्था निघाली. तिच्यात पुढे होते नाना शंकरशेट, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचे. डॉक्टर भाऊ दाजी हेही होते. या संस्थेने पार्लमेंटला अर्ज धाडला. कायदे करणाऱ्या मंडळात इथल्या माणसांना जागा द्या, मोठ्या हुद्द्यांवर इथल्या माणसांना घ्या, अशा मागण्या त्यात होत्या. त्या वेळी सुएझचा कालवा झालेला नव्हता. कागद जायला महिने लागत.

१८५३ च्या सनदेत ती जागा मिळाली नाही. १८६१ साली नवा कायदा झाला आणि १८६२ साली नाना शंकरशेट मुंबईच्या कायदेमंडळात बसले. म्हणजे अर्जानंतर दहा वर्षांनी.

दुसरी गोष्ट पुण्याची. २ एप्रिल १८७० रोजी तिथे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी हे तिचे मोठे कार्यकर्ते. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. या सभेचा नियम मोठा नामी होता. ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने निदान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. 'हा माणूस आमच्या वतीने बोलेल', असे त्यावर लिहिलेले असे. सभा सुरू झाली तेव्हा ९५ सभासद होते आणि त्यांच्या पाठीशी ६,००० माणसे होती. आज एखादा उठतो आणि म्हणतो, "मी सगळ्या गावाच्या वतीने बोलतो." त्याला विचारावे, बाबा, तुझ्या पन्नास सह्या कुठे आहेत?

याच सभेने १८७५ च्या सुमारास पार्लमेंटला एक अर्ज केला. हिंदुस्थानचे प्रतिनिधी पार्लमेंटात घ्या, ही मागणी होती. खाली २१,००० हून जास्त सह्या होत्या. तो मान्य झाला नाही. पण एवढ्या सह्या गोळा करताना माणसे गावोगाव फिरली. सही कशावर करतो आहोत, ते त्यांनी लोकांना समजावून सांगितले. त्या काळी वर्ग नव्हते, हेच वर्ग होते.

माझी चूक

सहीचा विषय निघाला म्हणून माझीच एक चूक सांगतो. मी शाळेत हेडमास्तर होतो तेव्हाची गोष्ट. ओढ्यावर साकव हवा होता. पावसाळ्यात पोरे शाळेत येऊ शकत नसत. मी अर्ज लिहिला. खाली चाळीस जणांची नावे घातली. सगळ्यांची संमती होती, खोटे काही नव्हते. पण प्रत्येकाकडे जायचा कंटाळा केला आणि चाळीसही नावे माझ्याच वळणदार अक्षरात लिहून काढली. मनात म्हटले, अर्ज कसा स्वच्छ दिसतो!

कचेरीतल्या कारकुनाने कागद हातात घेतला, वरून खाली पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, हा अर्ज आहे की शाळेची हजेरी?" अर्ज परत आला. त्याच्यावर राग आला तेव्हा. पण त्याचे बरोबर होते. चाळीस नावे एका हाताची असली, तर तो एकाच माणसाचा अर्ज. मग मी घरोघर फिरलो. ज्याला येत होती त्याने सही केली, बाकीच्यांनी अंगठा दिला. एका म्हातारबाबांनी मात्र अंगठा देण्याआधी सगळा अर्ज दोनदा वाचून घेतला माझ्याकडून. साकव कुठे होणार, त्यांच्या बांधाला धक्का लागणार का, हे त्यांना नक्की करून हवे होते. चाळिसांत तेच एकटे, ज्यांनी मला अर्ज वाचायला लावला. बाकीच्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला. भरवसा ठेवला हे चांगले, पण वाचून घेतले असते तर अधिक चांगले झाले असते.

लोकसभेचे नियम

संसदेला अर्ज करायचे नियम ठरलेले आहेत. त्याला याचिका असा शब्द आहे. कोर्टातही याचिका असते, पण ही ती नव्हे. कोर्टात न्यायाधीश निकाल देतात. इथे खासदार विचार करतात.

याचिका लोकसभेच्या नावाने लिहायची. कोणा मंत्र्याच्या नावाने नाही. भाषा सभ्य ठेवायची. राग असला तरी शिवी नको, टोमणा नको. शेवटी आपली मागणी स्पष्ट लिहायची. नुसते रडगाणे गाऊन थांबलो तर ती याचिका होत नाही. प्रत्येकाने आपले पूर्ण नाव आणि पत्ता लिहायचा आणि स्वतः सही करायची. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा चालतो, असे नियमातच लिहिले आहे. म्हणजे निरक्षर माणसालाही लोकसभेचे दार बंद नाही. सोबत पत्रे, प्रतिज्ञापत्रे असले कागद जोडायचे नाहीत. सांगायचे ते अर्जातच सांगायचे.

भाषेची एक अडचण आहे. याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत लागते. मराठीत लिहिली तर तिचे हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे लागते आणि त्यावरही सही लागते. मला हे काही पटत नाही, पण नियम आहे. मात्र साध्या गाऱ्हाण्याच्या अर्जाला ही अट नाही. राज्यघटनेचे ३५० वे कलम सांगते की, केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. रेल्वेच्या कचेरीत कोणी म्हणाले की मराठी अर्ज चालणार नाही, तर हे कलम नम्रपणे सांगा.

याचिका खासदारामार्फत लोकसभेत मांडता येते. तेव्हा खासदाराची सही तिच्यावर लागते. किंवा लोकसभेच्या महासचिवांकडे पाठवता येते. पोस्टाने पाठवली तर पावती जपून ठेवा. अर्जाची एक नक्कलही घरी ठेवा.

सगळेच विषय तिथे चालत नाहीत. जे प्रकरण कोर्टात चालू आहे ते चालत नाही. जे विधानसभेत मांडायला हवे ते चालत नाही. ज्यावर कायद्यात दुसरा उपाय आहे तेही चालत नाही. माझ्या भावाने माझा बांध रेटला, ही तक्रार लोकसभेपुढे नेऊ नका. पुष्कळांच्या भल्याचा विषय हवा.

याचिका समितीकडे जाते. लोकसभेच्या याचिका समितीत १५ खासदार असतात. मंत्र्याला त्यात बसता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या खात्याबद्दल तक्रार, तोच तपासणार कसा? समिती त्या खात्याकडून माहिती मागवते, अधिकाऱ्यांना बोलावते, काही वेळा अर्जदारालाही बोलावते. मग अहवाल लोकसभेला देते. समिती शिफारस करते, हुकूम देत नाही. पण खात्याला त्या शिफारशीवर काय केले ते सांगावे लागते. राज्यसभेचीही अशीच समिती आहे, तिच्यात १० सभासद असतात.

नमुना

वर्गात आपण विषय निवडला तो पहाटेच्या लोकलचा. वसई-विरारकडची फुले, भाजी, मासळी घेऊन बाया पहाटे दादरला जातात. मालडब्यात पाय ठेवायला जागा नसते. याबद्दल आधी रेल्वेच्या कचेरीला अर्ज करायचा आणि उत्तराची वाट बघायची. तिथे काही झाले नाही, तरच पुढचा. तो असा:

"लोकसभेस,
खाली सह्या करणार वसई तालुक्यातील फूल, भाजी व मासळी विक्रेत्यांचा विनम्र अर्ज असा की,
आम्ही रोज पहाटे आमचा माल लोकलने मुंबईस नेतो. मालडबा अपुरा असल्याने टोपल्या चिरडतात, माल खराब होतो आणि दारात उभे राहावे लागल्याने जिवास धोका असतो. आम्ही रेल्वेच्या कचेरीस दि. —— रोजी अर्ज केला. त्याचा उपयोग झाला नाही.
तरी पहाटेच्या गाड्यांत मालडब्याची जागा वाढवण्याविषयी विचार व्हावा, अशी आमची प्रार्थना आहे.
नाव —— पत्ता —— सही किंवा अंगठा ——"

दारात उभे राहावे लागते, हे वाक्य आधी नव्हते. ते मासळीवाल्या एका ताईंनी घालायला लावले. मी मालाच्या नुकसानीचेच लिहीत बसलो होतो.

शनिवारी येताना पाटी नको, रेघांचा कागद आणा. प्रत्येकाने हा अर्ज आपल्या हाताने उतरवायचा. तारखेची जागा मोकळी सोडा. ज्यांनी रेल्वेच्या कचेरीला अर्ज दिला असेल त्यांनी पोचपावती सोबत आणावी, म्हणजे तारीख बरोबर घालता येईल. कठड्यावाल्या मावशींची सही अजून दोन ओळी खाते. ती एका ओळीत बसेल एवढा सराव त्यांनी घरी करून यावा.